नाव कोणाचे उरते?

कीर्तीची इच्छा वाईट आहे, असे आपल्या पूर्वसूरींनी सहसा म्हटलेले नाही. देह पडल्यावर कीर्तीच्या रूपाने मागे उरावे, असा उपदेश समर्थांसारख्या संतांनीही प्रपंचातल्या माणसास केला आहे. पण ह्या उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, उरणे हे उरणाऱ्याच्याच हाती आहे. त्याने मोठे काम करावे, म्हणजे लोक त्यास आपोआप आठवतील. एखाद्या मुलखाचा इतिहास बारकाईने चाळू लागले, म्हणजे ह्या गृहीताविषयी मनात शंका येऊ लागते. ज्याने नावासाठी डोंगराएवढे दगड उभे करण्याचा घाट घातला, त्याचे नाव त्याच्या गावातही फारसे कोणी घेत नाही. आणि ज्याने नावाचा विचार स्वप्नातही केला नसेल, त्याच्या नावाने एक अवघे अरण्य ओळखले जाते.

कीर्तीविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुधा कीर्ती मिळविणाऱ्याच्या बाजूने लिहिले गेले. वस्तुतः कीर्ती घेणारे थोडे असतात, आणि ती देणारे आपण सारे असतो. राजा, वीर, संत, नट, गवई ह्यांच्याकडे पाहणारा, त्यांची गोष्ट मुलांस सांगणारा आणि कालांतराने त्यांस विसरणारा जो सामान्य माणूस, तोच ह्या व्यवहारातला खरा दाता होय. तेव्हा ह्या दात्याच्या बाजूने पाहिले असता काय दिसते, तो कोणास का आठवतो आणि कोणास का विसरतो, एवढाच विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी मी चांद्याचा मुलूख निवडला आहे. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती ह्या नद्यांनी वेढलेला हा प्रदेश. येथे शतकानुशतके गोंड राजांनी राज्य केले, १७५१ त ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ त इंग्रजांच्या हाती पडले. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वेकडील रानाचा भाग तोडून गडचिरोली जिल्हा निराळा करण्यात आला. ह्या मुलखाचा लेखी इतिहास बेताचा आहे. म्हणूनच लोकांची आठवण येथे कोणत्या वाटेने चालली, हे इतरत्र दिसते त्याहून येथे अधिक स्वच्छ दिसते.

पहिला दाखला चंद्रपूर शहरातल्या लालपेठेचा. तेथे उघड्या मैदानात प्रचंड पाषाणमूर्ती पडलेल्या आहेत. एकेक मूर्ती एकसंध दगडाची. त्यांतील दशमुखी दुर्गेची मूर्ती तर सुमारे पंचवीस फूट लांबीची आहे. मूर्ती उताण्या पडलेल्या आहेत, आणि ज्या मंदिरासाठी त्या घडविल्या ते मंदिर कधी उभेच राहिले नाही. सांगतात ते असे की, रायप्पा नावाच्या एका धनाढ्य वैश्याने येथे महादेवाचे अपूर्व देवालय बांधण्याचा संकल्प सोडला होता. परंतु मूर्ती तयार झाल्या आणि देवालयाचा पाया भरण्यापूर्वी त्यास मृत्यूने गाठले. त्याच्या मागे काम पुरे करण्यास कोणी पुढे आले नाही. एवढाले दगड येथवर आणण्यास किती बैल आणि किती माणसे राबली असतील, किती पाथरवटांचे हात झिजले असतील, ह्याचा हिशेब कोणाजवळही नाही. रायप्पाचे नाव आज आहे, पण ते पुराणवस्तूंच्या अभ्यासकांच्या कागदांत. दहा तोंडे पाहून दुर्गेस रावण समजणारा पाहुणा आजही तेथे भेटतो. ज्याने एवढा खर्च केला, त्याचे नाव तर बाजूलाच राहिले. त्याच्या देवतेचेही नाव लोकांच्या जिभेवर नीट बसले नाही.

रायप्पाच्या मनात केवळ कीर्तीचा लोभ होता, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. कदाचित तो परम भाविक असेल. पण एक गोष्ट उघड आहे. त्या मूर्तींपाशी लोकांनी काही करावे, असे काही घडलेच नाही. तेथे यात्रा भरली नाही, नवस फेडले गेले नाहीत, लग्नानंतर नवरा-नवरी पाया पडावयास आली नाहीत. जी वस्तू केवळ पाहण्याची असते, ती कितीही मोठी असली तरी पाहून होते. आणि पाहून झाले की माणूस घरी जातो.

ह्याच्या शेजारी राणी हिराईचा दाखला ठेवून पाहावा. चांद्याचा राजा बीरशहा अठराव्या शतकाच्या आरंभी मारला गेला. त्याची राणी हिराई हिने रामशहास दत्तक घेतले, तो वयात येईतो राज्याचा कारभार पाहिला, आणि अचलेश्वराच्या देवळाजवळ आपल्या पतीची समाधी बांधली. ती समाधी आजही उभी आहे. राजे लोक राण्यांसाठी स्मारके बांधतात हे आपण पुष्कळ ऐकले आहे. राणीने राजासाठी बांधलेले हे स्मारक पाहावयास मात्र बाहेरचा माणूस क्वचितच जातो. महाकालीचे देवालयही हिराईच्या काळात नव्याने उभे राहिले. चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून भाविकांच्या झुंडी येतात, झरपट नदीत स्नान करतात, देवीस ओटी वाहतात आणि परत जातात. त्यांतल्या शंभरांपैकी किती जणांस हिराईचे नाव ठाऊक असेल? फार थोड्यांस. तरीही तिच्या देवळाचा उंबरठा दर चैत्रात झिजतो आहे. रायप्पाचे नाव अभ्यासकांनी जपले, पण काम पडून राहिले. हिराईचे नाव यात्रेकरूंनी सोडले, पण काम चालू राहिले. ह्यांतील कोणाची कीर्ती मोठी म्हणावी? ज्याला नाव म्हणजेच कीर्ती वाटते, त्यास ह्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाईल.

आता जरा अलीकडे यावे. इंग्रजांची सत्ता चांद्यावर बसून चार वर्षे होतात न होतात तोच, १८५८ च्या मार्चमध्ये, मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके ह्यांनी बंडाचे निशाण उभारले. वय अवघे पंचवीस. गोंड व इतर जवानांची सेना जमवून त्यांनी राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीजवळ कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी झुंज दिली, आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव ह्यांच्या साहाय्याने अहेरीकडच्या रानात इंग्रजांस जेरीस आणले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला, आणि त्यात गार्टलंड व हॉल हे दोन गोरे कामगार मारले गेले. ह्यानंतर इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई ह्यांवर दडपण आणले, आणि त्यांच्या माणसांकडून सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांस फाशी देण्यात आली.

ह्या हकिकतीत लक्षात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, ती लिहून ठेवली मुख्यतः शत्रूने. त्यामुळे चिंचगुंडीस मेलेल्या दोघा गोऱ्यांची नावे आपणांस आज बिनचूक सांगता येतात. पण नांदगाव-घोसरीस बाबूरावांच्या बाजूने जे गोंड जवान पडले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाहीत. लेखणी ज्याच्या हाती, नावेही त्याच्याच माणसांची. दुसरी गोष्ट व्यंकटरावांची. तेही बाबूरावांच्या बरोबरीने लढले. पराभवानंतर ते बस्तरच्या रानात निसटले, १८६० त पकडले गेले आणि त्यांस जन्मठेप झाली. एकाच रानात, एकाच कारणासाठी, खांद्यास खांदा लावून दोघे लढले. एकास फाशी आणि कीर्ती मिळाली. दुसऱ्यास आयुष्य मिळाले आणि त्याबरोबर विस्मृतीही मिळाली. लोकांच्या आठवणीस एखादा ठळक क्षण लागतो, एखादे झाड, एखादी तारीख लागते. बंदिवासात कण्हत काढलेल्या वर्षांची गोष्ट सांगणाऱ्याच्याही जिवावर येते.

चंद्रपूरच्या तुरुंगातला पिंपळ हे बाबूरावांच्या फाशीचे ठिकाण मानले जाते, आणि २१ ऑक्टोबरला तेथे त्यांस अभिवादन करण्यासाठी गोंड समाजाची माणसे जमतात. १२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीटही काढले. ज्या सरकारी तारांच्या छावणीवर त्यांच्या माणसांनी हल्ला केला, त्याच प्रकारच्या दळणवळणाच्या खात्याने दीडशे वर्षांनी त्यांचे चित्र पाकिटांवर डकविण्यासाठी छापावे, ह्यात काळाचा विनोद आहे खरा. पण तिकिटामुळे बाबूराव उरले नाहीत. तिकीट निघेपर्यंत ज्या लोकांनी त्यांचे नाव घराघरांत सांभाळले, त्यांच्यामुळे ते उरले. सरकारने मागाहून केवळ शिक्का मारला.

आणि आता ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला, त्या तारूकडे वळतो. ताडोबाचे जंगल आज जगभर ठाऊक आहे. १९५५ त तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ त अंधारी अभयारण्य झाले, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. परंतु ताडोबा हे नाव कोणाचे, हे वाघ पाहून परतणाऱ्या कित्येकांनी विचारलेलेही नसते. तेथील लोक सांगतात की, तारू हा ह्या रानातल्या एका गावचा गोंड मुखिया होता. वाघाशी झुंजताना तो मेला. लोकांनी त्यास देव केले, तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे मांडले, आणि तारूचा तारोबा, तारोबाचा ताडोबा झाला. पौषात तेथे यात्रेची परंपरा आहे. ह्या तारूचा जन्म केव्हा, राज्य कोणाचे, झुंज कोणत्या साली, ह्यांतले काहीही इतिहासकारास सांगता यावयाचे नाही. लोकांनी ह्या माणसाविषयी एकच गोष्ट जतन केली, आणि तीही अशी की, आपल्या माणसांसाठी जो वाघासमोर उभा राहिला त्याचे आपण देणे लागतो.

ह्या तळ्याच्या आणखी कथा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटिअरात नमूद आहेत. कीर्तीचा विचार करणाऱ्याने त्यांतल्या दोन ध्यानात ठेवाव्या अशा आहेत. एक ताडाच्या झाडाची. तळ्यात म्हणे एक ताड होता. तो दिवसा वर येई आणि तिन्हीसांजा झाल्या की खाली जमिनीत शिरे. एके पहाटे एक आगाऊ यात्रेकरू त्याच्या शेंड्यावर जाऊन बसला. ताड वाढत वाढत आभाळास भिडला, आणि वरच्या उन्हात तो माणूस जळून गेला. ताडही सुकून त्याची धूळ झाली, आणि त्या जागी तारोबाची मूर्ती प्रकट झाली. दुसरी कथा भांड्यांची. यात्रेकरूंनी हाक घातली की तळ्यातून हवी तेवढी भांडी वर येत. स्वयंपाक-जेवण झाल्यावर ती घासून पुन्हा पाण्यात सोडावयाची. एका लोभ्याने ती घरी नेली. भांडी तर नाहीशी झालीच, पण त्या दिवसापासून तळ्याचे देणेही बंद पडले.

कथा रचणाऱ्याने त्या कोणत्या हेतूने रचल्या असतील, हे मी सांगू शकत नाही. मला मात्र त्यांत रानातल्या माणसाचा कीर्तीविषयीचा सारा विचार दिसतो. शेंड्यावर बसणाऱ्यास आपण वर चढलो असे वाटते. वस्तुतः झाड वाढत असते. त्याखाली पाणी असते, पाण्याखाली मुळे असतात, आणि वर जे ऊन असते ते सोसण्याची ताकद माणसाच्या कातडीत नसते. आणि मानमरातब हा तळ्यातल्या भांड्यांसारखा असतो. तो वापरावयास मिळतो, घरी नेण्यास मिळत नाही. घासून परत करणाऱ्यास तो पुन्हा मिळेल. पेटीत कुलूप लावून ठेवणाऱ्यास मात्र पेटी रिकामी सापडेल.

आजच्या कीर्तीची तऱ्हा निराळी आहे. आज माणसाची गोष्ट कळण्यापूर्वी त्याचा चेहरा कळतो. दिवाळी झाली की ह्याच दोन जिल्ह्यांत आणि शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव मांडव घालतात, आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाट होईतो चालते. अलीकडे ह्या नाटकांच्या जाहिरातींवर मुंबईच्या चित्रपटांतल्या आणि मालिकांतल्या नटनट्यांची छायाचित्रे ठळक असतात, आणि त्यांना पाहण्यासाठी माणसे गर्दीही करतात. ह्यात दोष काढण्यासारखे काही नाही. दूरचा चंद्र जवळून पाहावा असे कोणासही वाटेल. पण ह्याच रंगभूमीवर परशुराम खुणे ह्यांनी पाच हजारांवर प्रयोगांतून आठशेच्या आसपास निरनिराळ्या भूमिका केल्या, आणि २०२३ त सरकारने त्यांस पद्मश्री दिली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने त्यांचे नाव प्रथम ऐकले. झाडीपट्टीच्या प्रेक्षकांस ते नाव नवे नव्हते. त्यांनी त्या माणसाबरोबर रात्री जागविल्या होत्या. पाहुण्या नटास पाहून ते घरी गेले. खुण्यांबरोबर ते हसले आणि रडले.

चेहऱ्याच्या कीर्तीचा कळस मात्र ताडोबाच्या वाघांनी गाठला आहे. आज तेथील वाघांस नावे आहेत. वाघडोह हा त्यांतला एक विख्यात वाघ; तो २०२२ च्या मे महिन्यात वृद्धापकाळाने वारला, तेव्हा त्याच्या मृत्यूची वार्ता देशभर छापून आली. पांढरपवनीच्या परिसरातील माया वाघीण तर कोणत्याही नटीस हेवा वाटावा एवढी प्रसिद्ध होती. तिची छायाचित्रे परदेशांत गेली. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसेनाशी झाली, आणि पुढे सापडलेल्या सांगाड्याच्या तपासणीवरून ती मेल्याचे निश्चित झाले, तेव्हा मोठाल्या शहरांतली माणसे हळहळली.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ह्याच जंगलाच्या कोलारा क्षेत्रात एक महिला वनरक्षक वाघांच्या गणनेसाठी पायी निघाल्या होत्या. वाघिणीने त्यांवर झडप घातली आणि त्यांस ओढून नेले. ती वाघीण माया होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या रानात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत अशी वार्ता वारंवार येते. वाघिणीस नाव असते. मेलेल्या बाईस बातमीत गाव आणि वय असते, आणि दुसऱ्या दिवशी तेही नसते. त्या वनरक्षकबाईंचे नाव मी येथे मुद्दाम दिलेले नाही. ते वृत्तपत्रांत येऊन गेले आहे, आणि आणखी एकदा छापल्याने त्यांचे काही फिटेल असे मला वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल, वाघास नाव दिल्याने वाघ वाचला, त्यास पाहावयास माणसे आली, आणि त्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या मुलांस वाटाड्याचे आणि गाडी हाकण्याचे काम मिळाले. मग ह्या कीर्तीस नावे का ठेवावी? हे म्हणणे खोटे नाही. वाघ राहिला पाहिजे, आणि त्याच्या प्रसिद्धीने तो राहात असेल तर ती प्रसिद्धी हितकारकच होय. माझा आक्षेप वाघाच्या नावावर मुळीच नाही. मला आश्चर्य वाटते ते हिशेबाच्या उलटेपणाचे. एके काळी ह्याच तळ्याच्या काठी वाघाकडून एक माणूस मेला, आणि लोकांनी त्या माणसाचे नाव रानास दिले. आज त्याच रानात वाघाकडून माणसे मरतात, आणि नाव वाघाचे होते. तारूच्या लोकांस वाघाचे वैर नव्हते. वाघोबालाही ते नमस्कार करीत आले आहेत. पण नमस्कार करताना त्यांनी आपल्या माणसास गाळले नाही. एकाच रानात दोघांचीही ठाणी मांडता येतात, एवढे त्या निरक्षर लोकांस समजले होते.

ह्या सर्व दाखल्यांवरून मला जे दिसते, ते थोडक्यात असे आहे. कीर्ती ही कीर्तिमंताची मालमत्ता नव्हे. ती आठवण ठेवणाऱ्याने मान्य केलेले ऋण आहे. जेथे हे ऋण फेडण्याची काही रीत असते, वर्षातून एकदा चालत जावे, दिवा लावावा, मुलास गोष्ट सांगावी, तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, मग नाव अपभ्रष्ट का होईना. जेथे केवळ पाहणे असते, तेथे ती नजर वळेपर्यंत टिकते. रायप्पाच्या दगडांनी हे दाखविले, आणि आजचे प्रसिद्ध चेहरे हेच पुन्हा दाखवतील.

सामान्य माणसास ह्यातून एक कर्तव्य प्राप्त होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास कीर्ती यावयाची नाही, आणि त्याबद्दल दुःख करण्याचेही कारण नाही. पण कीर्ती वाटण्याचे काम आपल्या हातून रोज होत असते. आपल्या घरात जेवताना कोणाचे नाव निघते, मुलांस आपण कोणाकडे बोट दाखवून सांगतो, कोणाच्या मरणाने आपण थांबतो आणि कोणाच्या मरणाची बातमी आपण पान उलटून टाकतो, ह्यावरून पुढच्या शंभर वर्षांची दप्तरे लिहिली जात असतात. मुंबई-पुण्याहून कुटुंबासह ताडोबास जाणारे वाचक पुष्कळ असतील. त्यांनी वाघ अवश्य पाहावा. पण गाडीत बसण्यापूर्वी मुलांस एवढे सांगावे की, ज्या रानात आपण निघालो आहोत, त्याचे नाव एका गावकऱ्याचे आहे. आणि ज्या गावांच्या वेशीवरून आपली गाडी जाईल, तेथील बायका उद्या पहाटे तेंदू तोडण्यास त्याच रानात पायी जाणार आहेत.